टनभराचा प्रेस

पहाटे ४:१०

बागेत अंधार आहे, पण शांतता नाही. कुणाच्या तरी मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी चाललीत. ती करमणुकीची नाहीत, बिबट्यासाठी आहेत. दिंडोरी तालुक्यात ऊसही दाट आणि द्राक्षंही दाट. पहाटे बागेत शिरायचं ते आवाज करतच. पुढे मुकादम, मागे टोळी. नऊ बाया, पाच गडी. प्रत्येकाच्या डोक्याला पट्ट्याची बॅटरी. टोळी सुरगाण्याकडची. दिवाळी करून आली, आता होळीला घरी जाणार. तोवर मुक्काम बागेच्या कडेच्या पत्र्याच्या खोल्यांत.

आज शेनिन ब्लाँचा खुडा. पांढऱ्या वाईनचं द्राक्ष. दोन ओळींत आठ फूट, दोन वेलींत चार. घड गुडघ्यापासून कमरेपर्यंत लोंबतात, म्हणजे पूर्ण वाकायचंही नाही आणि उभंही राहता येत नाही. डाव्या हाताने घड धरायचा, उजव्या हाताने देठावर कात्री. घड बॅटरीपुढे फिरवून बघायचा, सडका मणी दिसला तर टिपून टाकायचा. मग घड कॅरेटमध्ये ठेवायचा. फेकायचा नाही. कॅरेट काठाच्या चार बोटं खालीच थांबवायचं, नाहीतर वर दुसरं कॅरेट बसलं की खालचे मणी फुटतात, रस सुटतो आणि जिथे सुटला तिथेच आंबायला लागतो.

पारा १२ अंशांवर आहे. दुपारी तो ३१ होईल. एवढ्या लवकर उठण्याचं कारण हेच. दुपारचं गरम द्राक्ष घरात आलं, तर ते थंड करायला चिलर तासन्‌तास चालवावा लागतो. पहाटेची थंडी फुकट मिळते.

५:४०

पहिला चहा बागेतच. पातेलं घरून येतं, कप कागदाचे.

रोज गड्याला साडेचारशे, बाईला साडेतीनशे. छाटणी, काडी बांधणी ही कामं एकरावर उक्ती जातात. खुडा मात्र रोजावर. उक्त्यावर दिला तर हात घाई करतात आणि घड आपटतात. गडी आणि बाईच्या रोजात शंभराचा फरक का, असं विचारलं. मुकादम म्हणाला, "कॅरेट उचलायचे आहेत ते." शेजारच्या ओळीतून एक बाई म्हणाली, "मग खुडायचे कोन देतंय?" तिला कुणी उत्तर दिलं नाही. कात्र्या चालू राहिल्या.

भरलेलं कॅरेट सोळा किलोच्या आसपास. गडी एका वेळी दोन उचलतो आणि ओळीच्या तोंडाशी उभ्या ट्रॉलीपर्यंत नेतो. ओळ लांब आहे.

६:५०

उजाडलं. बॅटऱ्या उतरल्या. बागमालक सिराझच्या, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षाच्या, खालच्या तुकड्यात शिरले आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. हातात प्लास्टिकची पिशवी आणि खिशात रिफ्रॅक्टोमीटर. पिशवीत मणी जमवायचे, पण आवडीचे नाहीत. ओळीच्या उगवतीकडून, मावळतीकडून. घडाच्या खांद्यावरून, पोटातून, शेपटीकडून. आपण निवडायला गेलो की हात गोड मण्याकडेच जातो, असं दादा म्हणतात. म्हणून तोडताना ते मण्याकडे बघतच नाहीत. शंभरेक मणी झाले की पिशवी बाहेरूनच चुरडायची, रसाचा थेंब काचेवर घ्यायचा आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं.

रसातली साखर २३.१ ब्रिक्स. त्यांना २४ हवी आहे. मग दोन मणी तोंडात टाकून बिया चावल्या. बी कुडकुडीत आणि तपकिरी हवी. ही अजून एका अंगाने हिरवट आहे, जिभेला ओढते.

आकाशात पश्चिमेला ढगांची पातळ रेघ. मोबाइलवर हवामान तीनदा बघून झालं. पिकलेल्या द्राक्षावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि दोन दिवसांत कूज धरते. थांबायचं की काढायचं, ते रात्री ठरवू, म्हणाले.

तेवढ्यात अण्णा आले. दादांचे वडील, वय सत्तरीच्या पुढे. त्यांची दोन एकर थॉमसन अजून त्यांच्याच ताब्यात. खायचं द्राक्ष. त्यांनी आयुष्यभर मणी फुगवायचं काम केलं. जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, मणी लांबट आणि टपोरा करायचा. वाईनला नेमकं उलटं हवं. मणी बारीक, साल जाड; रंग आणि वास सालीतच असतो. अण्णांना हे पटून बरीच वर्षं झाली, तरी सिराझचा घड हातात घेतला की ते म्हणतातच, "एवढ्याशा मण्याला बाजारात कोण विचारील रे?"

७:४५

काट्यावर वजन. ९२ कॅरेट, १,४८० किलो. वजन वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, लिहून घेतात. बाग दादांची आणि वाईनरीची शेड वहिनींची, अशी घरातली वाटणी आहे. दोघांनाही ती मान्य आहे, निदान पाहुण्यांसमोर.

आता दिवसाची खरी अडचण समोर येते. रस काढायचा प्रेस टनभराचा आहे. सेकंड हँड घेतलेला. एका भरणीला भरून, दाबून, रिकामा करून, धुऊन साडेतीन तास लागतात. म्हणजे आज दोन भरण्या, आणि दुसरी संपेपर्यंत उन्हं कलणार. बागेत आणखी दहा माणसं लावली तरी प्रेस मोठा होत नाही. म्हणूनच दोन एकरांचा माल एका दिवसात न काढता तीन हप्त्यांत काढतात. साठ कॅरेट आत्ता जातील, बाकीची कोल्ड रूममध्ये. कोल्ड रूम म्हणजे आतून पफ पॅनल लावलेली खोली; मूळची ती बैलांची.

८:१५

डीस्टेमरचा आवाज सुरू झाला की बोलणं बंद. वरून घड टाकायचे, एका तोंडाने देठांचे सांगाडे बाहेर पडतात, खालून मणी आणि रस. वहिनींनी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) मोजून ठेवलं आहे, टनाला शंभर ग्रॅम. पांढरी पूड, पाण्यात विरघळवून मण्यांवर शिंपडायची. त्यातला गंधकाचा वास नाकात असा घुसतो की नवखा माणूस मागे सरतो. रानटी यीस्ट आणि जंतूंना आवर घालायला आणि रस काळा पडू नये म्हणून हे लागतं.

प्रेसमधून पहिला रस दाबाशिवायच वाहतो. हिरवट, गढूळ आणि अतिशय गोड. ग्लासभर बाजूला ठेवला तर कापलेल्या सफरचंदासारखा बघता बघता तपकिरी होतो. हा पहिला रस एका टाकीत. मग आतली रबरी पिशवी हवेने फुगू लागते, थोडा दाब, थांबा, पिंप फिरवा, पुन्हा थोडा जास्त दाब. जोरात दाबलं तर रस जास्त निघेल, पण साल आणि बिया आपला तुरटपणा सोडतील. शेवटचा रस वेगळ्या टाकीत जातो. कुठे थांबायचं हे यंत्रावरच्या आकड्यात असतंच, पण वहिनी दर दहा मिनिटांनी नळीखाली बोट धरून चाटतात आणि त्यावर ठरवतात.

एव्हाना मधमाश्या आणि गांधीलमाश्या पोचल्या आहेत. पोरांना शेडमध्ये यायला बंदी.

११:१०

धुणी.

वाईनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे लाकडी पिंपं आणि मंद दिवे येतात. प्रत्यक्षात इथे दिवसाचा निम्मा वेळ पाण्याचा पाइप हातात असतो. प्रेसमधला चोथा फावड्याने ओढून ट्रॉलीत टाकायचा. तो कुजवून पुढच्या वर्षी बागेत जाईल. मग प्रेसच्या जाळ्या, डीस्टेमरचा दांडा, पंप, पाइप. पाइपच्या प्रत्येक जोडाचा क्लॅम्प सोडायचा, आतलं गॅस्केट काढून बोटाने पुसायचं, कारण सालीचा एक तुकडा तिथे राहिला तर उद्या त्याचं व्हिनेगर होतं. टाकीला आधी कॉस्टिकचं पाणी, मग साधं पाणी, मग सायट्रिकचं, पुन्हा साधं. हातमोजे असतात. तरी सीझन संपेपर्यंत वहिनींच्या बोटांची सालं निघालेली असतात, आणि सिराझ सुरू असेल तर नखं जांभळी. जानेवारी ते मार्च त्या लग्नकार्याला जाणं टाळतात. नखांमुळे नव्हे, वेळ नसतो म्हणून. पण लोक नखांवरूनच विचारतात.

११:५०

दुसरी भरणी प्रेसमध्ये. ती चालू असताना दादा शिडीवर चढले आहेत.

कोपऱ्यातल्या टाकीत वरच्या मुरमाड तुकड्यातली सिराझ आहे. ती आधी पिकली, म्हणून आधी आली. आज आंबण्याचा पाचवा दिवस. लाल वाईन सालीसकट आंबवतात. गॅसच्या जोराने सगळी सालं वर येऊन टोपी धरतात, हातभर जाड. ती टोपी दिवसातून तीनदा खाली दाबावी लागते, नाहीतर ती वाळते, आंबट होते आणि रंग खाली उतरत नाही. दादांच्या हातात स्टीलचा लांब दांडा, टोकाला भोकांची थाळी. पहिल्या दाबाला टोपी हलतच नाही. अंगाचं वजन टाकल्यावर ती कचकन फुटते आणि फटीतून गडद जांभळा फेस उसळतो. मग शेजारी, मग पलीकडे, कडेकडेने पूर्ण गोल. गुंजभर जागा सोडायची नाही. पंधरा मिनिटं लागतात. उतरले तेव्हा बनियन घामाने चिकटलेलं.

चढताना एक नियम पाळतात, तोंड टाकीच्या बाहेर. टाकीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्याला रंग नाही, आणि टाकीत वाकलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो. म्हणून शिडीवर एक जण असेल तर खाली दुसरा उभा असतोच. आज तो मुकादमाचा पोरगा आहे.

तापमान २७. तीसच्या बरंच वर गेलं तर यीस्ट मरगळतं, वासही उडतो. चिलरचं पाणी टाकीच्या कोटातून फिरत राहतं, वीज असेपर्यंत.

१:३०

जेवण. बाजरीची भाकरी, पातीचा झुणका, ठेचा. टोळी तिच्या खोल्यांकडे. नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन. खुडा आठच्या आतच संपला होता, पण रोज पूर्ण आहे. दुपारनंतर सिराझवर पक्ष्यांची जाळी ओढायची आहेत.

जेवताना बाकीचं वर्ष निघालं. खुडा संपला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. चाळीस अंशांत वेल बोडका करायचा, नव्या काड्या फुटू द्यायच्या, सातव्या पानावर शेंडा मारायचा. पुढच्या वर्षीचा घड त्या उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात आकार घेतो, म्हणून ते दोन महिने ज्याने बाग राखली त्याचंच पुढचं वर्ष. पावसाळ्यात डाऊनी बुरशी, दिवसाआड फवारणी. शेडमध्ये बाटल्या भरणं. सप्टेंबरात गोडी छाटणी. युरोपातला वेल बर्फात झोपतो, इथला झोपतच नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटून त्याला कामाला लावायचं. डोळे एकसाथ फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. हे रसायन हाताळणाऱ्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूचा थेंब घ्यायचा नसतो. घेतला तर छाती धडधडते, तोंड लालबुंद होतं, दवाखाना गाठावा लागतो. पेस्टिंगच्या आठवड्यात म्हणूनच वाईनरीत कुणी वाईन चाखत नाही. डिसेंबरात मण्यात पाणी उतरतं. निफाडकडे पारा घसरला की बागांत शेकोट्या पेटतात.

शेड बांधली ती २००१च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर, कर्ज काढून. तेव्हा आजूबाजूला बऱ्याच जणांनी वाईनची द्राक्षं लावली होती. २००८ची मंदी आली, उचल थांबली, आणि कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. "आम्ही का तोडली नाही?" दादा भाकरी मोडत म्हणाले. "टाक्यांचा हप्ता चालू होता ना."

३:१०

पुण्याची एक गाडी आली. चौघं जण. ओट्यावर चार टेबलं आहेत, तीच चाखायची जागा. वहिनींनी एप्रन काढून पदर नीट केला आणि चार ग्लास मांडले.

"गोड कोणती?" हा पहिला प्रश्न. नेहमीच असतो. वहिनी शेनिनपासून सुरुवात करतात, ती जिभेला सोपी. एकाने विचारलं, किराणा दुकानात मिळणार होती ना वाईन? जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटचा निर्णय घेतला होता. गदारोळ भरपूर झाला, अंमल झाला नाही. वहिनींनी एवढंच सांगितलं, "आमच्याकडे मिळते." तीन बाटल्या गेल्या. एक गृहस्थ कागदात गुंडाळून मागतात. कागद तयार असतो.

साडेसहाशे रुपयांच्या बाटलीत सव्वा ते दीड किलो द्राक्षं. आपलीच द्राक्षं मोठ्या वाईनरीला दिली तर किलोला पन्नासच्या आतबाहेर मिळतात. बाटली, बूच, टोपण, लेबल, खोका मिळून तेवढाच आकडा होतो. वहिनींच्या वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले आहेत, आणि काचेचा आकडा दर वर्षी वर सरकतो. आज जो रस निघाला त्याची बाटली पावसाळ्यात भरेल, विकेल नाताळच्या सुमारास. सिराझचे पैसे आणखी वर्षाने. टोळीचे पैसे शनिवारी.

गाडी गेल्यावर रजिस्टर. उत्पादन शुल्क खात्यासाठी किती किलो आलं, किती लिटर निघालं, कोणत्या टाकीत, किती घट. वहिनींचं अक्षर इथे शाळेतल्यासारखं होतं. भिंतीवर ड्राय डेची यादी. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की वणीच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते, आणि नेमकं त्या दिवशी ओट्यावर चहा मिळतो.

४:४०

दुसरी भरणीही धुऊन झाली. एकूण रस नऊशे लिटरच्या आसपास. तो आठ-दहा अंशांवर रात्रभर बसेल, गाळ खाली उतरेल.

वहिनी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघराचा जुना ओटा. चंचुपात्रात दहा मिली रस, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, वरून ब्युरेटमधून कॉस्टिकचं द्रावण. थेंब पडला की गुलाबी ठिपका उमटतो आणि विरतो. हलवायचं. पुन्हा थेंब. गुलाबी छटा टिकली की थांबायचं आणि आकडा लिहायचा. आम्लता थोडी कमी आली. नाशिकच्या उन्हात आम्ल लवकर जळतं. लिटरला एक ग्रॅम टार्टारिक घालावं लागेल. ब्रिक्स २१.५, म्हणजे अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास.

६:२०

कालचा रस निवळला आहे. आज त्यात यीस्ट. दोनशे ग्रॅमच्या थोडं वर, दोन लिटर कोमट पाण्यात, ३८ अंश. थर्मामीटर आहे, तरी वहिनी मनगट बुडवून बघतात. पंधरा मिनिटांत पातेलं फेसाने फुगतं, भाजलेल्या पावाचा वास सुटतो. आता हे गरम यीस्ट थेट थंड रसात ओतलं तर दणका बसून अर्धं मरतं. म्हणून थंड रस वाटीवाटीने पातेल्यात घालायचा, थांबायचं, पुन्हा वाटी. अर्धा तास जातो. तोवर वहिनी एका हाताने मुलीचं गणित तपासतात.

७:५०

वीज गेली. जनरेटर. तासाला चार लिटर डिझेल जातं, असं दादा म्हणाले, आणि घड्याळ बघितलं. पन्नास मिनिटांनी आली.

९:२०

सिराझची टोपी शेवटची दाबून झाली. दादा, वहिनी, अण्णा ओट्यावर. प्रश्न सकाळचाच. शुगर २३.१, ढग आहेत, थांबायचं की काढायचं?

अण्णा म्हणाले, काढून टाक. दादा म्हणाले, दोन दिवसांत चोवीस येईल. वहिनींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काढून ठेवणार कशात?" लाल वाईनजोग्या टाक्या दोनच. एकीत पाचव्या दिवसाची सिराझ, ती परवाशिवाय दाबायला येणार नाही. दुसरीत गेल्या वर्षीची, बाटल्यांच्या प्रतीक्षेत. विषय संपला. बी हिरवी असो की तपकिरी, सिराझ परवाच.

मुकादम पायरीशी येऊन उभा होता. "मंग उद्या?"

"उद्या अण्णांच्या थॉमसनमध्ये. सातला आलात तरी चालेल. रोज तोच."

मुकादम हलला नाही. होळीचा बाजार करायचा होता, पाच हजार उचल पाहिजे होती.

"दोन घे. बाकीचे शनिवारी."

"तीन द्या, दादा."

दादांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी गल्ला आणायला आत गेल्या.